गाळा बंद, भाडे चालू

दुकानाच्या किंवा ऑफिसच्या भाडेकरारात ‘जागा जळाली, बुडाली, पडली किंवा सरकारने घेतली तर काय’ याचे कलम शोधायला गेले तर ते बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर, ‘इतर अटी’ या मथळ्याखाली सापडते. पुष्कळदा सापडतच नाही. भाडे किती, दरवर्षी वाढ किती टक्के, डिपॉझिट किती महिन्यांचे, लॉक-इन किती वर्षांचा, यावर दोन्ही बाजू आठवडेच्या आठवडे घासाघीस करतात. आगीच्या कलमाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एजंटाच्या संगणकातला नमुना मुळात राहत्या फ्लॅटसाठी केलेला असतो, त्यात ‘फ्लॅट’ खोडून ‘गाळा’ घातला की काम झाले. फ्लॅटमधला माणूस अडचणीच्या वेळी चार महिने नातेवाइकांकडे काढू शकतो. दुकानदाराचे फर्निचर, वीजजोड, परवाने, पाटी आणि गिऱ्हाइकाची सवय हे सगळे त्या एका पत्त्याला बांधलेले असते.

आकड्यांत पाहू. समजा, रस्त्यालगतचा ४०० चौरस फुटांचा गाळा आहे. भाडे महिना ६०,००० रुपये, डिपॉझिट सहा महिन्यांचे, म्हणजे ३,६०,०००. भाडेपट्टा पाच वर्षांचा, त्यातली पहिली तीन वर्षे लॉक-इन. भाडेकरूने आत बारा लाखांचे काम करून घेतले आहे. चौदाव्या महिन्यात जिन्याखालच्या मीटर-खोलीत शॉर्टसर्किट होऊन आग लागते. गाळ्याच्या भिंती उभ्या आहेत, पण वीज तोडलेली, स्लॅबला तडे गेलेले, आणि दुरुस्ती होईपर्यंत पालिका शटर उघडू देत नाही. दुरुस्तीला सात महिने लागतात. या सात महिन्यांचे भाडे कोणी सोसायचे? करारात याबद्दल अक्षरही नसेल, तर कायद्याचे सर्वसाधारण उत्तर ऐकून दुकानदाराचा विश्वास बसत नाही. भाडे त्यानेच द्यायचे. सहा महिन्यांत डिपॉझिट संपते आणि सातव्या महिन्यात तो वर मालकाचा देणेकरी होतो.

या उत्तराचे मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या दिल्या आहेत, आणि सुरुवातीलाच म्हटले आहे की करार किंवा स्थानिक रूढी वेगळे सांगत नसेल तरच हे लागू. त्यातला एक पोटखंड असा: आग, वादळ किंवा पूर यांमुळे, सैन्याच्या किंवा जमावाच्या हिंसेमुळे किंवा अन्य अनिवार्य शक्तीमुळे मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी जागा दिली त्या कामाला ती बव्हंशी आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार भाडेपट्टा रद्दबातल होतो. नुकसान भाडेकरूच्या चुकीने झाले असेल तर ही सवलत नाही.

यातले सैन्य वाचताना आज गंमत वाटते, पण त्याला जुनी परंपरा आहे. इंग्लंडच्या यादवीत प्रिन्स रूपर्टच्या फौजेने जेन नावाच्या कुळाला जमिनीवरून हुसकावून लावले. तीन वर्षे शेत त्याच्या हाती नव्हते, तरी १६४७ मध्ये न्यायालयाने त्याला भाडे भरायला लावले. तू करारात स्वतःहून शब्द दिलास, अपवाद हवा होता तर लिहून घ्यायचा होतास, असा त्या निकालाचा आशय. भारतीय कायद्याने सव्वादोनशे वर्षांनी कुळाला बाहेर पडायची वाट दिली खरी, पण ती वाट किती अरुंद आहे हे त्यातल्या दोन गोष्टींवरून कळते. पहिली म्हणजे निवड भाडेकरूची आहे, मालकाची नाही. जळकी भिंत दाखवून ‘करार संपला, निघा’ असे मालकाला म्हणता येत नाही. दुसरी म्हणजे ‘कायमची’ ही अट. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सगळे ओझे या अटीवर येऊन पडते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली, त्याच पावसात महाडची पेठही बुडाली. पाणी काही दिवसांत ओसरले. मागे उरला कमरेएवढा गाळ, फुगलेली प्लायवूडची फडताळे, बंद पडलेले फ्रीज आणि ओलीने महिनाभर न सुकणाऱ्या भिंती. दुकानदाराच्या हिशेबी तो धंद्याचा अंत होता. कायद्याच्या हिशेबी जागा ‘कायमची’ निरुपयोगी झालेलीच नव्हती. कोविडच्या टाळेबंदीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली. खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या भाडेकरूने भाडे स्थगित करा म्हणून अर्ज केला होता. मे २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की जागा सोडायची नाही आणि भाडेही द्यायचे नाही, असे दोन्ही चालणार नाही; तात्पुरती बंदी म्हणजे मालमत्तेचा नाश नव्हे. भरण्याची मुदत थोडी वाढवून मिळाली, माफी मिळाली नाही.

मग करार कायद्याचे कलम ५६, म्हणजे करार पार पाडणे अशक्य झाले तर तो रद्द होतो, हे तरी कामाला येईल अशी आशा वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच राजा ध्रुव देव चंद यांच्या प्रकरणात तो दरवाजा लावून घेतला. पंजाबातली शेतजमीन वर्षाच्या खंडाने दिली होती आणि फाळणीच्या धामधुमीत पीक निघाले नाही. न्यायालय म्हणाले, भाडेपट्टा हा नुसता करार नसून मालमत्तेतील हक्काचे हस्तांतरण आहे, ते एकदा झाले की कलम ५६ त्याला लागत नाही. तीन वर्षांनी सुशीला देवींच्या प्रकरणात जमीन पाकिस्तानात गेली होती. तिथे न्यायालयाने कलम ५६ लावले, कारण तिथे भाडेपट्टा अजून झालेलाच नव्हता, तो करण्याचा नुसता करार होता. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८१ मध्ये हल शहरातल्या एका गोदामाच्या खटल्यात भाडेपट्टाही निष्फळ ठरू शकतो हे तत्त्वतः मान्य केले. गोदामाकडे जाणारा रस्ता वीस महिने बंद होता. पण दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यात वीस महिने म्हणजे काही फार नव्हे, असे म्हणून भाडे मात्र वसूल करू दिले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, आमचा भाडेपट्टा नाहीच, लीव्ह अँड लायसन्स आहे. मुंबई-पुण्यातल्या नव्या दुकानांपैकी पुष्कळांचे कागद याच प्रकारचे असतात, आणि फरक खरोखरच मोठा आहे. लायसन्समध्ये मालमत्तेतला हक्क हस्तांतरित होत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते. १८६१ मध्ये लंडनच्या सरे गार्डन्समधले संगीतगृह कार्यक्रमांच्या आधी जळाले आणि भाड्याने घेणारा व देणारा दोघेही करारातून मोकळे झाले. करार निष्फळ होण्याचे इंग्लिश तत्त्व जिथून निघाले तो हा टेलर विरुद्ध कॉल्डवेल खटला लायसन्सचाच होता. आपल्याकडे १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याचे कलम ६२ सांगते की मालमत्ता नष्ट झाली, किंवा प्रबळ शक्तीने तिच्यात कायमचा असा बदल झाला की हक्क बजावताच येत नाही, तर लायसन्स आपोआप रद्द समजायचे. हे सोयीचे वाटते, पण पुढचा विचार करा. भाडेकरूला निवड आहे, लायसन्सधारकाला नाही. इमारत पुन्हा उभी राहिली तर भाडेकरू परत यायचा हक्क सांगू शकतो. लायसन्सधारक डिपॉझिट परत मागू शकतो आणि आपल्या बारा लाखांच्या फर्निचरकडे बघत बसू शकतो.

भाडेकरूच्या हक्काची ताकद किती, हे ठरवणारा निकाल सांगलीतून आला. शहा रतनशी खिमजी यांच्या प्रकरणात जुनी इमारत महापालिकेच्या कारवाईत पाडली गेली होती आणि भाडेकरू जागेचा ताबा परत मागत होते. त्यांच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयाचाच २००१ चा निकाल उभा होता. केरळातली दुकानाची एक खोली जळाली होती, आणि गाळाच नष्ट झाला तर भाडेकरारही संपला, असे त्यात म्हटले होते. २००३ मध्ये दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने याच्या उलट सूर लावला. अखेर २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगलीच्या भाडेकरूंच्या बाजूने कौल दिला आणि २००१ चा निकाल रद्द ठरवला. युक्तिवाद सरळ होता: भाडेपट्टा कशाकशाने संपतो ते कलम १११ मध्ये दिले आहे, त्यात वास्तू पडणे हे कारण नाही, वास्तूच्या भाड्यात खालची जमीनही येते, आणि भाडेपट्टा रद्द करायचा पर्याय भाडेकरूने वापरलाच नाही तर तो चालू राहतो. विटा गेल्या, हक्क राहिला. माझ्या मते निकाल योग्य आहे, कारण उलट निकालाने प्रत्येक जुन्या इमारतीच्या मालकाला दुरुस्ती न करण्याचे बक्षीस मिळाले असते. पण हक्क राहिला याचा अर्थ गाळा मिळाला असा होत नाही. नवे बांधकाम कधी, त्यात जागा कुठे, तोवर भाडे द्यायचे की नाही, यावर त्या निकालात दुकानदाराला पुरेसे काही मिळत नाही.

मुंबईत हे रोजचे आहे. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस आली की इमारत धोकादायक. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि तिच्या अहवालावरून इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसे आत ठेवून दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ कामे. मालकाचा अभियंता सी-१ म्हणतो, भाडेकरूंचा अभियंता सी-२बी म्हणतो, मग पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती बसते. ज्यांना या वादाची कल्पना नाही त्यांना तो अभियंत्यांचा वाटेल. प्रत्यक्षात तो भाड्याचा आणि पुनर्विकासाचा असतो. इमारत पाडण्याआधी कोणाच्या ताब्यात किती चटई क्षेत्र होते याची नोंद पालिका करते, आणि पुढच्या सगळ्या वाटाघाटीत दुकानदाराकडे तेवढाच कागद असतो. पोटमाळा, दर्शनी ओटा, मागे वाढवलेली पत्र्याची शेड यांपैकी काय मोजले आणि काय नाही, ते त्याने त्याच दिवशी बघून घ्यायला हवे.

दुरुस्तीचा हक्क कायद्यात आहे, तोही मोजूनमापून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, जागा वापरण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षात वळती रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. आपल्या गाळ्याला हे १,८०,००० होतात. गळके छत नीट होईल. तडा गेलेला स्लॅब होणार नाही. शिवाय बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या भाडेकरू असतील तर हा कायदाच लागू नाही. त्यांना १८८२ चा कायदा आणि स्वतःचा करार, एवढेच.

म्हणजे कायद्याने दोन टोके सांभाळली आहेत: जागा धड आहे, किंवा जागा कायमची गेली आहे. दुकाने मरतात ती या दोहोंच्या मधे, आणि तो मधला काळ पूर्णपणे करारावर सोपवलेला आहे. भाड्यात प्रमाणशीर कपात हे तत्त्व न्यायालयांना अनोळखी नाही. कलकत्त्याच्या स्टीफन कोर्ट कंपनीविरुद्धच्या खटल्यात मालकाने तीनपैकी एका खोलीचा ताबाच दिला नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये भाडे पूर्ण थांबवू दिले नाही, पण त्या प्रमाणात कमी करणे योग्य मानले. पण तिथे दोष मालकाचा होता. आगीत किंवा पुरात दोष कोणाचाच नसतो, आणि म्हणून आधी लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

काय लिहायचे? ‘दैवी आपत्तीत कोणीही जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य लिहून लोक सुटकेचा श्वास टाकतात. त्याचा उपयोग जवळपास शून्य, कारण भाडे भरणे आपत्तीने अशक्य होत नाही, बँक चालूच असते. त्याऐवजी भाडे कोणत्या दिवसापासून थांबते हे लिहावे: घटनेच्या दिवसापासून, लेखी कळवल्याच्या दिवसापासून, की पालिकेच्या नोटिशीच्या दिवसापासून. मालक शेवटचा पर्याय मागतो, भाडेकरू पहिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागा वापरता येते की नाही हे कोण ठरवणार. मालकाचा वास्तुविशारद ठरवणार असेल तर निकाल आधीच लागला म्हणायचा. दोघांना मान्य अशा परवानाधारक संरचनात्मक अभियंत्याचे नाव, आणि त्याने किती दिवसांत मत द्यायचे, हे करारातच हवे. तीस दिवस पुरेसे आहेत. मग दुरुस्तीची बाह्य मर्यादा. सहा महिन्यांत गाळा परत मिळाला नाही तर भाडेकरूला लॉक-इनचा दंड न भरता जाता यावे आणि डिपॉझिट ठरलेल्या दिवसांत परत मिळावे, असे म्हणता येते. मालकाच्या बाजूनेही एक न्याय्य मागणी असते: कराराचे शेवटचे सहा-आठ महिनेच उरले असताना मोठे नुकसान झाले तर नुसत्या त्या महिन्यांसाठी इमारत बांधायला लावू नका. ही अट मान्य करायला भाडेकरूने कुरकुर करू नये.

अर्धवट नुकसानीची अट लिहिताना क्षेत्रफळाच्या टक्केवारीवर समाधान मानू नये. ४०० पैकी ६० फूट गेले म्हणून १५ टक्के भाडे कमी, हे गणित औषधाच्या दुकानाला चालेल. हॉटेलचे ते ६० फूट मुदपाकखान्याचे असतील तर उरलेले ३४० फूट त्याला काय कामाचे? ‘धंदा चालवण्यास अत्यावश्यक भाग’ म्हणजे कोणता हे नकाशावर लाल रेषेने दाखवून करारालाच जोडणे हा सोपा उपाय आहे, आणि तो फार थोडे लोक करतात. जागा शाबूत पण प्रवेश बंद, ही परिस्थितीही त्यातच लिहावी. मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर आग लागली की तळमजल्यावरचे दुकान आठवडेच्या आठवडे बंद राहते, त्याच्या एका फळीलाही धग न लागता.

विम्याचे कलम या सगळ्याच्या आधी वाचावे. इमारतीचा विमा मालकाचा, मालाचा आणि फर्निचरचा भाडेकरूचा, एवढे सगळ्यांना कळते. पण बुडालेल्या भाड्याचे संरक्षण हे आगीच्या पॉलिसीवर वेगळे मागून घ्यावे लागते, ते मालकाने घेतले असेल तर भाडे थांबवण्याच्या अटीला विरोध करण्याचे कारण त्याच्याकडे उरत नाही. वाटाघाटीत हा मुद्दा सर्वांत लवकर पटतो असे वकील सांगतात ते खरे आहे. दुसरी खोच जास्त धोक्याची. आग भाडेकरूच्या वायरिंगमुळे लागली असे निघाले, तर विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग मालकाच्या जागी उभी राहून तीच रक्कम भाडेकरूकडून वसूल करायला येते. हा हक्क विमा कंपनी वापरणार नाही, असे पॉलिसीत नोंदवून घेता येते. करारात चार ओळी आणि विमा एजंटाला एक फोन, इतकेच काम.

पुनर्बांधणी कोणी करायची याचे जगातले सर्वांत महागडे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. लॅरी सिल्व्हरस्टीन यांनी जुलै २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि सात आठवड्यांत मनोरे कोसळले. भाडेपट्टा मात्र उभा होता. त्यातल्या अटींप्रमाणे त्यांना पुन्हा बांधण्याचा हक्कही होता आणि बंधनही, आणि रिकाम्या खड्ड्याचे भाडे ते भरत राहिले. दोन विमाने आदळली ती एक घटना की दोन, यावर विमा कंपन्यांशी वर्षानुवर्षे भांडण चालले आणि साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास तडजोड झाली. तिकडच्या व्यापारी भाडेपट्ट्यात आगीचे आणि सरकारी संपादनाचे अशी दोन कलमे हमखास असतात. संपादन झाले की भाडेपट्टा संपतो, जमिनीची भरपाई मालकाची, आणि मालकाची रक्कम कमी होणार नाही अशा बेताने भाडेकरूने स्थलांतराचा व सामानाचा दावा स्वतंत्र करायचा, अशी साधारण घडी असते.

आपल्याकडे भूसंपादनाचे कलम गाळ्याच्या करारात मी क्वचितच पाहिले आहे, रस्तारुंदी गावोगाव चालू असताना. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भरपाईत हितसंबंध असणारा प्रत्येक जण दावा करू शकतो, आणि संपादनामुळे धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च हा भरपाई ठरवताना धरायच्या बाबींपैकी एक आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातही तशी तरतूद आहे. हक्क आहे, पण तो मागावा लागतो, मुदतीत मागावा लागतो, आणि नोटीस बहुधा सातबारावरच्या किंवा मिळकत पत्रिकेवरच्या नावाने येते. म्हणून नोटीस आल्यापासून सात दिवसांत मालकाने तिची प्रत भाडेकरूला दिली पाहिजे, ही एक ओळ करारात असणे पानभर मजकुरापेक्षा मोलाचे. शहरात अनेकदा संपादन होतच नाही; मालक जागा पालिकेला देऊन टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घेतो. मग भरपाईची रक्कमच नसते. गाळेधारकाला त्यातले काय मिळणार ते दोघांच्या करारात नसेल तर पुढे मागायला आधार उरत नाही. दर्शनी आठ फूट गेले की पायरी गेली, पाटी गेली, दुचाकी लावायची जागा गेली. भाडे आठ फुटांचे कमी करून हा हिशेब पुरा होत नाही.

हे सगळे लिहायचे कुठे, हा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स दोन्ही लेखी आणि नोंदणीकृत हवेत, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्रांकाचे चार पैसे वाचवायला पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवणारे मालक याकडे हसून पाहतात. त्याच कलमात पुढे असेही आहे की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरायचे. जळालेल्या गाळ्याचे सात महिन्यांचे भाडे मागायला गेलेल्या अशा मालकाला भाडेकरू सांगू शकतो की जागा बंद असेल तेव्हा भाडे नाही असे आमचे तोंडी ठरले होते, आणि ते तसे ठरले नव्हते हे सिद्ध करायचे काम मालकाचे.